हायस्कूलमधले बिझनेस आणि व्हिडिओ प्रॉडक्शन इलेक्टिव्ह: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कोर्स सिलेक्शनचा फॉर्म येतो आणि ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरायला लागतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलंय. बहुतेक प्रश्न न्यू जर्सी, टेक्सास आणि कॅलिफोर्नियातून येतात त्यामुळे उदाहरणंही तिथलीच आहेत. बाकी राज्यांचे नियम वेगळे, आणि एकाच राज्यातल्या शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टचेही वेगळे असतात, तेव्हा फायनल शब्द तुमच्या शाळेच्या कोर्स कॅटलॉगचा आणि काउन्सेलरचा.

१. इलेक्टिव्ह म्हणजे नक्की काय? घ्यावेच लागतात का?

इंग्लिश, मॅथ, सायन्स, सोशल स्टडीज, पीई हे सगळ्यांना असतंच, ते सोडून उरलेल्या पिरियडमध्ये मूल स्वतः जे निवडतं ते इलेक्टिव्ह. घ्यावेच लागतात, कारण ग्रॅज्युएट व्हायला ठराविक क्रेडिट्स लागतात आणि नुसत्या कोअर विषयांनी ती भरत नाहीत. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट्स, आणि वर्षभराचा एक क्लास साधारण ५ क्रेडिट्सचा. टेक्सासमध्ये वर्षभराच्या क्लासला १ क्रेडिट आणि एंडोर्समेंट (एखाद्या क्षेत्रातले ठराविक विषय घेतल्याची डिप्लोमावरची नोंद) धरून २६ क्रेडिट्स, त्यामुळे दोन राज्यांतल्या मावसभावंडांचे आकडे एकमेकांशी ताडून घाबरू नका. बिझनेस आणि व्हिडिओ प्रॉडक्शन दोन्ही बहुतेक शाळांत सीटीई म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनच्या खात्यात येतात, या खात्याला पर्किन्स कायद्याखाली फेडरल पैसा मिळतो (मूळ कायदा १९८४ चा, सध्याचं रूप २०१८ चं), त्यामुळे कधीकधी शाळेच्या स्टुडिओत चांगले तीन-तीन कॅमेरे असतात आणि शेजारच्या आर्ट रूममध्ये ब्रश पुरत नाहीत.

२. मुलाने बिझनेस घेतलाय. म्हणजे आता तो कॉमर्सला गेला का? सायन्सची दारं बंद?

नाही हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आजी-आजोबांचा फोन आला की परत येतो. आपल्याकडे दहावीनंतर साइड ठरते तसं इथे काही नाहीये. एकच मुलगी एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचा क्लास) केमिस्ट्री, प्रीकॅल्क्युलस, मार्केटिंग आणि व्हिडिओ प्रॉडक्शन एकाच वर्षी घेऊ शकते आणि नंतर नर्सिंगला, इंजिनिअरिंगला, कशालाही अप्लाय करू शकते. खरा प्रश्न फक्त पिरियड किती आहेत हा असतो. सहा किंवा सात पिरियडच्या शाळेत बँड किंवा ऑर्केस्ट्रा आणि परदेशी भाषा धरली की इलेक्टिव्हला एकच जागा उरते, आठ पिरियड किंवा ब्लॉक शेड्यूल (रोज थोडेच पण लांब पिरियड) असेल तर जरा मोकळीक मिळते.

३. बिझनेसमध्ये कुठले कुठले क्लास असतात? त्यातला कुठला घ्यावा?

नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण साधारण इंट्रो टू बिझनेस, मार्केटिंग, अकाउंटिंग, आंत्रप्रेन्युअरशिप, बिझनेस लॉ, पर्सनल फायनान्स आणि स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंट मार्केटिंग. शेवटच्या नावाला पोरं भुलतात.

माझं मत विचाराल तर अकाउंटिंग घ्या. कंटाळवाणं वाटतं, मुलं नाक मुरडतात, पण वर्षअखेरीला हातात काहीतरी ठोस राहतं, डेबिट-क्रेडिट कळतं, जर्नलपासून ट्रायल बॅलन्सपर्यंत जाता येतं, आणि पुढे कॉलेजात फायनान्शियल अकाउंटिंग आलं की पहिले काही आठवडे सोपे जातात. इंट्रो टू बिझनेस मात्र फार शिक्षकावर अवलंबून असतो. चांगला शिक्षक असेल तर मुलं खरं प्रॉडक्ट काढतात, किंमत ठरवतात, शाळेच्या स्टोअरमध्ये विकतात, नफा का झाला नाही याचा हिशोब मांडतात. शिक्षक ढिला असेल तर वर्षभर पॉवरपॉइंट आणि लोगो डिझाइन. म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांना एवढंच विचारा की गेल्या वर्षी तुम्ही काय बनवलंत, उत्तर लगेच आलं तर क्लास बरा आहे.

काही शाळांत व्हर्च्युअल एंटरप्राइज असतो, त्यात अख्खा वर्ग एक नकली कंपनी चालवतो, कुणी सीईओ कुणी एचआर कुणी अकाउंट्स, आणि देशभरातल्या तसल्याच दुसऱ्या वर्गांशी खोट्या पैशांत व्यवहार होतात. तुमच्याकडे तो असेल तर अकाउंटिंगच्याही आधी तो बघा.

४. पर्सनल फायनान्स कंपल्सरी आहे ना? मग तोच बिझनेस इलेक्टिव्ह म्हणून चालेल का?

राज्यावर आहे. न्यू जर्सीत फायनान्शियल लिटरसीची २.५ क्रेडिट्स म्हणजे अर्ध्या वर्षाचा क्लास ग्रॅज्युएशनला लागतोच. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, त्यानुसार शाळांनी २०२७-२८ पर्यंत एका सेमिस्टरचा वेगळा कोर्स द्यायचा आणि २०३०-३१ च्या बॅचपासून तो कंपल्सरी. तर जे कंपल्सरी आहे ते रिक्वायरमेंटच्या रकान्यात जातं, तेच क्रेडिट इलेक्टिव्हच्या रकान्यात परत मोजत नाहीत. बरीच मुलं हा क्लास समरमध्ये ऑनलाइन उरकतात म्हणजे वर्षात पिरियड मोकळा होतो, ही आयडिया चांगली आहे, फक्त शाळेची परवानगी आधी घ्या.

५. व्हिडिओ प्रॉडक्शनमध्ये असं काय शिकवतात जे यूट्यूबवर फुकटात मिळत नाही?

एडिटिंगची बटणं यूट्यूबवर मिळतातच, त्याच्यासाठी क्लासची गरज नाही. क्लासमध्ये मिळते ती टीम आणि डेडलाइन. पहिल्या वर्षी शॉट साइज, तिपाईवर कॅमेरा नीट लावणं, थ्री पॉइंट लायटिंग, माइक कुठे धरायचा, स्टोरीबोर्ड, इंटरव्ह्यू आणि त्यावर घालायचा बी-रोल (विषयाशी संबंधित इतर शॉट्स) असं सगळं येतं. दुसऱ्या वर्षापासून बऱ्याच शाळांत मुलंच सकाळच्या अनाउन्समेंट्सचा शो करतात, एक अँकर, एक टेलिप्रॉम्प्टरवर, एक स्विचरवर, एक साउंडला, आणि वेळ झाली की शो सुरू व्हायलाच हवा, अँकर आजारी असो की कॉम्प्युटर बंद पडो. शुक्रवारच्या फुटबॉल मॅचचं लाइव्ह स्ट्रीमिंगही हीच मुलं करतात. घरात एकट्याने रील्स करणाऱ्या मुलाला हे सगळं नवीन असतं, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टवर काम करताना सुरुवातीला फार कुरकुर होते.

६. म्हणजे सोपा क्लास आहे ना? इझी ए?

ग्रेडच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी हो, वेळेच्या दृष्टीने अजिबात नाही. टेस्ट कमी, होमवर्कची वर्कशीट नाही, म्हणून पालकांना वाटतं की पोरगं रिकामं आहे. पण दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी शनिवारी शूट, रविवारी कळतं की साउंडच आलेला नाही, परत शूट, मग ज्याच्याकडे फुटेज आहे तो फोन उचलत नाही. ज्युनियर इयरला (इलेव्हन्थला) तीन-चार एपी असतील तर ॲडव्हान्स्ड व्हिडिओ क्लास त्याच वर्षी ठेवताना दोनदा विचार करा. पहिल्या लेव्हलचा क्लास नाइन्थ किंवा टेन्थमध्येच होऊन गेलेला बरा, कारण वरच्या लेव्हलला तो प्रीरिक्विझिट असतो, म्हणजे आधी केलेला असावाच लागतो, आणि सिनियर इयरला (ट्वेल्थला) अचानक आवड निर्माण झाली तर ब्रॉडकास्ट टीममध्ये जागा मिळत नाही.

बिझनेसचं उलट आहे, क्लासचा ताण कमी पण त्याच्याबरोबर येणाऱ्या क्लबचा जास्त (प्रश्न १२).

७. घरी कॅमेरा आणि मॅकबुक घ्यावा लागेल का?

नाही. कॅमेरा, ट्रायपॉड, माइक शाळेतून चेकआउट करून मिळतात, त्यासाठी तुमची सही लागते आणि हरवलं-फुटलं तर भरपाई कुणाची ते त्याच फॉर्मवर बारीक अक्षरांत असतं, वाचा. एडिटिंगला शाळेत बहुतेक ॲडोबी प्रीमियर असतं. घरी करायचं असेल तर डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन भरपूर झालं, मात्र जुन्या लॅपटॉपवर ते रडतं आणि शाळेच्या क्रोमबुकवर चालतच नाही. पैसे खर्च करायची फारच हौस असेल तर आधी एक कॉलर माइक घ्या, कॅमेरा नंतर. फोनचं पिक्चर चालून जातं, फोनचा आवाज नाही चालत.

८. इलेक्टिव्हमुळे वेटेड जीपीए (अवघड क्लासला जास्त पॉइंट देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) खाली येतो म्हणतात, खरं आहे का?

गणिताने खरं आहे. समजा ज्युनियर इयरला पाच एपी आहेत आणि पाचही विषयांत ए, शाळेत एपीच्या ए ला ५ पॉइंट मिळतात, बेरीज २५, सरासरी ५. आता सहावा क्लास म्हणून मार्केटिंग घेतलं, त्यातही ए, पण तो रेग्युलर क्लास म्हणून ४, बेरीज २९, भागिले ६, म्हणजे ४.८३. त्याच पिरियडला स्टडी हॉल घेऊन नुसता बसला असता तर ५ राहिला असता. पूर्ण मार्क मिळवूनही सरासरी खाली, हे बघून आपल्या लोकांचं डोकं फिरतं आणि ते स्वाभाविकच आहे.

पण त्याच्यावर निर्णय घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. एक, अनवेटेड जीपीए दोन्ही केसमध्ये ४ च राहतो, आणि कितीतरी कॉलेजं स्वतःच्या पद्धतीने जीपीए परत काढतात. उदाहरण म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) नाइन्थनंतरच्या समरपासून इलेव्हन्थनंतरच्या समरपर्यंतचे फक्त ए-जी यादीतले (त्यांनी मंजूर केलेले, प्रश्न १० बघा) विषय धरते, तुमचा मार्केटिंगचा क्लास त्या यादीत नसेल तर तो त्यांच्या जीपीएत येतच नाही, वरही नेत नाही आणि खालीही नाही. दोन, काही डिस्ट्रिक्टमध्ये रँक काढताना फक्त कोअर विषय धरतात, तर काही ठिकाणी इलेक्टिव्ह पास-फेलवर घेता येतो, हे शाळेच्या हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं. तीन, तुमची शाळा रँक देते का? बऱ्याच शाळांनी रँक देणं बंद केलंय, तिथे ४.८३ आणि ५ यांत फरक बघणारं माणूस घरातच असतं.

रँक खरंच महत्त्वाचा आहे अशी मोठी केस म्हणजे टेक्सास, ती पुढच्या प्रश्नात.

९. आम्ही टेक्सासमध्ये आहोत, इथे रँकवर ॲडमिशन आहे. मग इलेक्टिव्ह टाळावेत का?

इथे मी जपून बोलेन. राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांना वर्गातल्या टॉप १० टक्क्यांना ऑटोमॅटिक ॲडमिशन द्यावं लागतं, हा १९९७ चा कायदा. ऑस्टिनच्या युटीला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला) त्यात सूट आहे, तिथे २०२६ च्या फॉलपासून टॉप ५ टक्केच. म्हणजे कटऑफच्या अगदी काठावर असलेल्या मुलाला एका अनवेटेड क्लासने फरक पडू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र ऑटोमॅटिक ॲडमिशनला डिस्टिंग्विश्ड लेव्हल (डिप्लोमाची वरची पातळी) लागते, आणि तिला निदान एक एंडोर्समेंट लागते, आणि बिझनेस अँड इंडस्ट्री ही पाचातली एक एंडोर्समेंट आहे. ऑडिओ-व्हिडिओ प्रॉडक्शनही याच बिझनेस अँड इंडस्ट्रीखाली येतं, आर्ट्सखाली नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यामुळे दोन वर्षं व्हिडिओ केलेला मुलगा नकळत एंडोर्समेंटच्या वाटेवर असतो. स्टेमची (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथची) एंडोर्समेंट आधीच होत असेल तर हिची गरज नाही. काठावर नसलेल्या, म्हणजे आरामात आत किंवा आरामात बाहेर असलेल्या मुलांनी रँकचा विचार सोडून आवडेल ते घ्यावं.

१०. व्हिडिओ प्रॉडक्शन आर्ट्सच्या क्रेडिटमध्ये धरतात का? म्हणजे चित्रकला नको.

तीन राज्यांत तीन उत्तरं. न्यू जर्सीत व्हिज्युअल अँड परफॉर्मिंग आर्ट्सची ५ आणि करिअर-टेक्निकलची ५ क्रेडिट्स लागतात, तुमच्या शाळेने व्हिडिओ क्लास यातल्या कुठल्या खान्यात टाकलाय ते कॅटलॉगमध्ये क्लासच्या नावाखाली लिहिलेलं असतं. टेक्सासमध्ये ऑडिओ-व्हिडिओ प्रॉडक्शन हा सीटीई क्लास, फाइन आर्ट्सचं क्रेडिट त्याने भागत नाही. गंमत म्हणजे तिथे फ्लोरल डिझाइन म्हणजे फुलांच्या सजावटीचा क्लास फाइन आर्ट्समध्ये चालतो, आणि तो शेतकी विभागाचा क्लास आहे.

कॅलिफोर्नियात दोन प्रश्न वेगळे ठेवा, शाळेतून ग्रॅज्युएट होणं आणि यूसी किंवा कॅल स्टेटला पात्र होणं. दुसऱ्यासाठी ए ते जी असे १५ वर्षांचे विषय लागतात, त्यात एफ म्हणजे आर्ट्स आणि जी म्हणजे इलेक्टिव्ह. व्हिडिओ क्लास एका शाळेत एफ म्हणून मंजूर असतो, दुसऱ्या शाळेत जी म्हणून, तिसऱ्यात कशातच नाही. बिझनेसचे क्लास मंजूर असलेच तर सहसा जी मध्ये. यूसीच्या ए-जी कोर्स लिस्टवर शाळेचं नाव टाकून बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, काउन्सेलरच्या अपॉइंटमेंटची वाट बघायला नको.

११. यातून एपी किंवा कॉलेज क्रेडिट मिळतं का?

व्हिडिओला एपी नाहीच. बिझनेसला इतकी वर्षं नव्हता, लोक एपी मायक्रो आणि मॅक्रोलाच बिझनेस समजून घ्यायचे, पण ते इकॉनॉमिक्स आहे. कॉलेज बोर्डाने आता २०२६-२७ या शालेय वर्षापासून एपी बिझनेस विथ पर्सनल फायनान्स आणलाय, तुमच्या शाळेने तो घेतलाय का ते विचारा. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांत बिझनेस मॅनेजमेंट आणि फिल्म दोन्ही असतात. याशिवाय कम्युनिटी कॉलेजबरोबर ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा क्लास, यात क्रेडिट लगेच मिळतं पण पुढे प्रायव्हेट किंवा दुसऱ्या राज्यातलं कॉलेज ते घेईलच असं नाही, आणि त्यातली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते. नाइन्थच्या मुलाला हौसेने ड्युअलला बसवू नका.

१२. डेका आणि एफबीएलए काय आहे? क्लास न घेता जाता येतं का?

दोन्ही बिझनेसच्या विद्यार्थी संघटना. एफबीएलएचा पहिला चॅप्टर १९४२ मध्ये टेनेसीत सुरू झाला, डेका १९४६ ची. डेकात रोलप्ले जास्त, मुलाला एक केस देतात, थोडा वेळ तयारीला, आणि मग जजसमोर मॅनेजर बनून बोलायचं. एफबीएलएत लेखी टेस्ट आणि प्रेझेंटेशन दोन्ही. जिल्हा किंवा रिजन, मग राज्य, मग नॅशनल अशी चढण असते. एफबीएलएला सहसा कुणीही जाऊ शकतं, डेकाला काही चॅप्टर बिझनेसचा क्लास घेतलेलाच असावा असं म्हणतात.

आपली मुलं यात प्रचंड संख्येने असतात, आणि काही शाळांत त्याचीही शर्यत झालीय, नाइन्थपासून प्रेसिडेंटपदाचं राजकारण वगैरे. हॉटेल, विमान, ब्लेझर असा खर्चही बऱ्यापैकी होतो. तरी अनोळखी माणसासमोर न अडखळता बोलता येणं हे मुलं इथे खरंच शिकतात. व्हिडिओवाल्यांसाठी स्किल्सयूएसएमध्ये स्पर्धा असतात, आणि स्टुडंट टेलिव्हिजन नेटवर्कच्या अधिवेशनात आठ तासांत अख्खा शो किंवा शॉर्ट फिल्म करायची क्रेझी एट्स नावाची स्पर्धा असते, त्याबद्दल मुलं वर्षभर बोलतात.

१३. मुलीला बिझनेस स्कूललाच जायचंय. बिझनेसचे क्लास नसतील तर अडेल का?

अडणार नाही. व्हार्टनसारख्या ठिकाणी सगळ्यांचं लक्ष मॅथकडे असतं, कॅल्क्युलसपर्यंत पोचलेली असली पाहिजे. बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलमध्ये पूर्वी दोन वर्षं कॉलेज केल्यावर अर्ज करायचे, २०२४ च्या फॉलपासून बारावीनंतर थेट चार वर्षांचा प्रोग्राम झालाय, त्यामुळे सिनियर इयरलाच मन पक्कं करावं लागतं. बिझनेस इलेक्टिव्हचा खरा उपयोग तिथे आहे, हे आपल्याला आवडतं की नाही ते सतराव्या वर्षी, फी न भरता कळतं. कॅल्क्युलस आणि मार्केटिंग एकाच पिरियडला येत असतील तर कॅल्क्युलस घ्या, यात मला काही वाद दिसत नाही.

१४. आणि फिल्म स्कूलला जायचं म्हणाला तर?

एनवायूच्या टिशला आणि युएससीच्या सिनेमॅटिक आर्ट्सला क्रिएटिव्ह पोर्टफोलिओ वेगळा द्यावा लागतो, लिखाण आणि व्हिजुअल काम दोन्ही. शाळेचा क्लास इथे थेट उपयोगी पडतो कारण साहित्य आणि टीम मिळते, पण शाळेच्या न्यूज शोचे क्लिप्स जोडून पोर्टफोलिओ होत नाही, स्वतःची गोष्ट लागते. फी बघून धक्का बसणार आहे, तो आधीच बसवून घ्या आणि राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिटीतले फिल्म प्रोग्रामही यादीत ठेवा.

१५. ॲडोबी, क्विकबुक्स वगैरे सर्टिफिकेशन्सचा फायदा होतो का?

शाळा परीक्षेची फी भरत असेल तर जरूर द्या, एरवी त्याच्यामागे लागू नका. कॉलेज ॲडमिशनला फारसा फरक पडत नाही, समर जॉबला थोडा पडतो.

१६. आम्ही एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. शाळेची पेड इंटर्नशिप आलीय, आणि मुलाचा यूट्यूब चॅनेलही आहे. चालेल का?

हा प्रश्न नीट वाचा कारण काउन्सेलरला यातलं सहसा काही माहीत नसतं आणि तो उत्साहाने हो म्हणतो. एच-४ वर शिकायला काहीच बंदी नाही, क्लास, क्लब, स्पर्धा सगळं करता येतं. काम करून पैसे मिळवता येत नाहीत. एच-४ ईएडी (वर्क परमिट) नावाची जी गोष्ट आहे ती ठराविक केसमधल्या नवरा-बायकोसाठी आहे, मुलांसाठी नाही. मुलाला वर्क परमिट मिळतं ते ग्रीन कार्डचा शेवटचा फॉर्म म्हणजे आय-४८५ भरल्यावर, तोही कुटुंबाबरोबर मुलाचा भरलेला असेल तर.

म्हणजे पेड इंटर्नशिप नाही, फुटबॉल मॅच शूट केल्याचे पैसे नाहीत, कुणाच्या मुंजीचा व्हिडिओ करून दोनशे डॉलर नाहीत. शाळेच्या स्टोअरमध्ये क्लासचा भाग म्हणून, ग्रेडसाठी आणि बिनपगारी काम असेल तर तो अभ्यासच आहे. बाहेरच्या कंपनीतली अनपेड इंटर्नशिप मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नसते, जे काम एरवी पगारी माणूस करेल ते फुकट केलं तरी प्रश्न येऊ शकतो, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. जॉब शॅडोइंग, म्हणजे नुसतं बघायला जाणं, याला सहसा कुणाची हरकत नसते.

यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला हरकत नाही, मॉनेटायझेशन चालू करू नका. अठराच्या आतल्या मुलाला ॲडसेन्ससाठी पालकांचं अकाउंट जोडावं लागतं, आणि बाबांच्या नावावर करू असं म्हणाल तर बाबा एच-१बी वर आहेत, त्यांनाही फक्त स्पॉन्सर कंपनीसाठीच काम करायची परवानगी आहे. बक्षिसाच्या रकमा आणि स्कॉलरशिपबद्दल प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे, काही फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना असतात, प्रवेशिका भरण्याआधी ती ओळ शोधा.

१७. शाळेच्या व्हिडिओत मराठी गाणं लावलं तर कोण बघतंय?

यूट्यूबचं कंटेंट आयडी (कॉपीराइटची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) बघतंय. तीस सेकंदांपर्यंत चालतं ही अफवा आहे, असा काही नियम नाही. वर्गातल्या वर्गात दाखवायला आणि शाळेच्या पब्लिक चॅनेलवर टाकायला वेगवेगळं गणित लागतं, आणि स्पर्धेला पाठवायचं असेल तर लेखी परवानगी मागतात. तुकोबांच्या अभंगावर कुणाची मालकी नाही, पण त्याची चाल आणि तुम्ही डाउनलोड केलेलं रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे. सोपा उपाय म्हणजे मंडळातल्या कुणाकडून तरी पारंपरिक चालीत गाऊन-वाजवून घ्या आणि त्यांची सही घ्या, नाहीतर यूट्यूब ऑडिओ लायब्ररी आहेच.

१८. मुलीचा चेहरा शाळेच्या चॅनेलवर नकोय, तरी क्लास घेता येईल का?

येईल. वर्षाच्या सुरुवातीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात मीडिया रिलीजचा फॉर्म असतो, तिथे नाही म्हणा आणि शिक्षकाला वेगळा ईमेल टाका, कारण फॉर्म ऑफिसात पडून राहतो. कॅमेऱ्यामागची कामं भरपूर असतात. उलट बाजूही लक्षात ठेवा, तुमची मुलगी जेव्हा दुसऱ्याला शूट करते तेव्हा परवानगी तिने घ्यायची. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाला माहीत असलं की रेकॉर्डिंग चालतं, कॅलिफोर्नियात खाजगी बोलण्यासाठी सगळ्यांची संमती लागते. शाळेच्या कामाला सगळीकडेच विचारून, सही घेऊन करावं.

१९. प्रोजेक्टसाठी आपला मराठी विषय घेतला तर शिक्षकांना कळेल का?

कळेल, सबटायटल्स नीट असतील तर. आणि मुलांनी हे करावंच असं मला वाटतं, कारण सगळा वर्ग स्केटबोर्ड आणि कॅफेटेरियाच्या जेवणावर फिल्म करत असतो. सहा महिन्यांसाठी आलेली आजी दिवसभर घरी काय करते, एडिसनच्या ओक ट्री रोडवर दुकान टाकताना पहिली गुंतवणूक कुठून आली, गणपतीची मूर्ती इथे कशी पोचते आणि विसर्जन कुठे करतात, हे सगळे तयार विषय आहेत. यातला दुकानाचा विषय बिझनेसच्या क्लासलाही चालतो. एक सूचना, आजीला मराठीतच बोलू द्या, आपण शेजारी बसून भाषांतर सांगत राहिलो की तिचं बोलणं तुटतं आणि साउंडही खराब होतो.

स्पर्धांमध्ये नॅशनल हिस्ट्री डेची डॉक्युमेंटरी १० मिनिटांपर्यंत असते आणि दरवर्षी एक थीम देतात. सी-स्पॅनच्या (अमेरिकन काँग्रेसचं कामकाज दाखवणाऱ्या चॅनेलच्या) स्टुडंटकॅमला ५ ते ६ मिनिटांची, त्यात सी-स्पॅनचं फुटेज वापरावं लागतं, म्हणजे विषय अमेरिकेच्या सार्वजनिक प्रश्नाशी जोडावा लागतो. ग्रीन कार्डची रांग हा विषय आपल्या मुलांना कुणी शिकवायला नको. गाण्यांबाबत प्रश्न १७ बघा.

२०. क्लास आवडला नाही तर मधेच सोडता येतो का?

सुरुवातीचा ॲड-ड्रॉपचा काळ असतो, शाळेप्रमाणे काही दिवस ते दोन-तीन आठवडे, त्यात सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे मधेच सोडल्याची खूण) येऊ शकतो. सिनियर इयरला कॉलेजला कळवलेला क्लास सोडलात तर कॉलेजला कळवावं लागतं. व्हिडिओच्या क्लासमध्ये मधेच सोडल्याने टीमचं काम अडतं, त्यामुळे निदान चालू प्रोजेक्ट संपवून बाहेर पडावं.

२१. दहावी महाराष्ट्रात झाली, आता इथे इलेव्हन्थला ॲडमिशन घेतोय. इलेक्टिव्हचं काय?

शाळा तुमची नववी-दहावीची मार्कशीट बघून क्रेडिट्स ठरवते. मराठी-हिंदी बहुतेक वेळा भाषेत धरून घेतात, यूएस हिस्ट्री, पीई-हेल्थ असं काहीतरी भरून काढायला लागतं, त्यामुळे इलेक्टिव्हला जागा कमी राहते. त्यातही एक ठेवा, आणि शक्यतो व्हिडिओचा ठेवा. नवीन देशात, ॲक्सेंटची लाज वाटत असताना, लेक्चरच्या वर्गात दोन महिने कुणाशी बोलावं लागत नाही, पण व्हिडिओच्या टीममध्ये पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी हाक मारावी लागते. मार्कशीट इंग्लिशमध्ये, शिक्के मारून, अभ्यासक्रमाच्या प्रतीसकट आणा.

२२. आम्ही दोन वर्षांत पुण्याला परत जाणार आहोत. हे क्लास तिथे मोजतात का?

इथून बारावी पूर्ण करून जात असाल तर डिप्लोमाची समकक्षता असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून घ्यावी लागते, आणि तिथे बघतात ते मुख्य विषय. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर फिजिक्स आणि मॅथ ट्रान्सक्रिप्टवर इलेव्हन्थ-ट्वेल्थला स्पष्ट दिसायला हवेत, मेडिकलला बायोलॉजी आणि केमिस्ट्रीही, त्या जागी मार्केटिंग चालणार नाही. बीकॉम, बीबीए किंवा मास मीडियाला जायचं असेल तर काळजी कमी, व्हिडिओचं केलेलं काम मीडिया कॉलेजच्या इंटरव्ह्यूत दाखवताही येतं. मधेच, म्हणजे इलेव्हन्थ अर्धवट टाकून जाणं सगळ्यात अवघड, शक्य असेल तर टेन्थनंतर किंवा ट्वेल्थनंतर हला. ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद तीन-चार प्रती आणि कोर्स डिस्क्रिप्शनची पानं निघायच्या आधीच शाळेकडून घ्या, समरमध्ये ऑफिस बंद असतं आणि तिथून ईमेलवर मागवायला फार वेळ लागतो.